अजून एक पट्टी खाली

आमच्या गल्लीत कुणी कपडे वाळत घातले की हिलालनाना तपासणीला हजर. तपासणी कपड्यांची नव्हे, दोरीची. रस्त्यानं जाता जाता थांबायचं, कुंपणावरून हात आत घालायचा, दोरीला तर्जनीनं एक टिचकी मारायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "सैल शे." नाहीतर, "भलती ताणेल शे, तुटी जाई." दोरी कुणाची, घर कुणाचं, घरातली माणसं आत्ता भांडताहेत की जेवताहेत, याच्याशी नानांना काही कर्तव्य नाही. आमच्या अंगणातली दोरी अधूनमधून तुटते, आणि ती नानांच्या टिचक्यांनीच तुटते असं आमच्या ह्यांचं ठाम मत आहे.

नाना वीज खात्यात लाइनमन होते. मूळचे धुळ्याकडचे, पांझरेकाठच्या एका खेड्यातले, म्हणून बोलणं अहिराणी, 'आहे'ला 'शे'. नोकरी धुळे, पारोळा, एरंडोल अशी सरकत सरकत जळगावात येऊन संपली आणि त्यांनी आमच्या समोरच घर बांधलं. उभा जन्म खांबांवर तारा ओढण्यात गेलेला, त्यामुळे जगातली प्रत्येक भानगड चुकीच्या ताणामुळे होते असा त्यांचा सिद्धांत. "थंडीमा तार आखडस, उन्हायामा लोंबस," ते सांगतात. "ज्याले हाई समजनं, त्याले संसार समजना." माणसंही ते याच मापानं मोजतात. पुण्याचा मुलगा ताणेल, सून सैल, म्हणून त्यांचं बरं चाललंय. आमचे हे ताणेल. माझ्याबद्दल एकदा मी स्वतःच विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही बराबर शेत मास्तरीणबाई. फक्त आवाज मोठा शे."

आवाज मोठा आहे हे खरं. मी घरी पेटी शिकवते. दुपारच्या वेळी एकाच वेळी आठ पोरं आठ वेगवेगळ्या सुरांत बसलेली असली की माझ्या जागी कोकरूसुद्धा ओरडेल.

पण या नाना-पुराणात खरी गोष्ट लीलाअक्कांची आहे, म्हणून त्यांची ओळख आधी करून द्यायला हवी. लीलाअक्का म्हणजे नानांची बायको. बुटक्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या आणि अंगापेक्षा चौपट आवाजाच्या. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, दागिने घालतात, चौरंगावर देवी म्हणून मांडतात. घरातली सगळी भावकी जमते, गव्हाचे रोट होतात आणि बाया देवीसमोर गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन विसर्जनाला पाण्यावर जायचं, तेही गात गात. आमच्या गल्लीत प्रत्येक घरी पहिली ओळ अक्कांची असायची. अक्कांनी ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. तीही इतक्या वरच्या पट्टीत की आम्ही मागून धावत असायचो. मी पेटीवाली असून माझा दम लागायचा. नवीन सुना तर नुसतं तोंड हलवायच्या.

दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. राहिला तो घोगरा, जाड, पुरुषासारखा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल. तो काही सुधारला नाही. एके सकाळी दूधवाल्यानं हाक मारली, अक्कांनी आतूनच सांगितलं, "ठेवी दे तठे." आणि तो बिचारा सरळ मनानं म्हणाला, "ठेवलं हो नाना!"

गल्लीभर हसू झालं. अक्काही हसल्या म्हणे. पण त्या दिवसापासून त्यांनी दाराआडून बोलणं सोडलं, मग फोनवर बोलणं सोडलं, मग माणसांत बोलणंही सोडलं. कानबाईला त्या रोट लाटायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात बसून राहिल्या. बाहेर कुणाच्या तरी सुनेनं मोबाइलवरची गाणी लावली. आम्ही सगळ्या त्या गाण्यांसमोर टाळ्या वाजवत बसलो. मला ते फार लागलं. पण लागलं म्हणून मी तरी काय केलं? मीही टाळ्याच वाजवल्या.

त्यानंतरच्या दिवाळीत नाना पुण्याहून येताना उशीच्या अभ्र्यात काहीतरी घालून घेऊन आले. नातीनं हौसेनं घेतलेलं आणि तितक्याच हौसेनं माळ्यावर टाकलेलं एक वाद्य. गल्लीत चर्चा सुरू. नानांना या वयात गिटार सुचलं! नाना खवळले. "गिटार नही शे ही. युकुलेली शे. हिले चारच तारा ऱ्हातस." आमच्या गल्लीनं त्या चार तारांचं बारसं तिथल्या तिथं करून टाकलं. नानांचं टुणटुणं.

दुसऱ्या दिवशी नाना ते टुणटुणं घेऊन माझ्याकडे. शिकवणीतली पोरं उठवून दिली, समोर बसले आणि म्हणाले, "माले वाजवाले शिकानं नही. ह्या तारा फक्त लावी द्या." त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. एरंडोलकडे असताना खांबावर झटका बसला होता, तेव्हापासून ती काठीसारखी ताठ. म्हणजे बोटं दाबून सूर काढणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांना हवं होतं ते असं की डावा हात नुसता धरायला, उजव्या हातानं चारही तारा मोकळ्या छेडायच्या आणि सगळ्या मिळून गोड लागलं पाहिजे. अक्कांना सुराला धरायला काहीतरी मिळालं तर त्या घरातल्या घरात तरी गातील, असा त्यांचा हिशेब. त्यांनी तो मला सरळ सांगितला. मला वाटलं होतं, म्हातारपणाचं खूळ आहे. तरी मी तारा लावायला घेतल्या.

दुकानातून येते त्या पद्धतीनं या वाद्याच्या तारा मोकळ्या छेडल्या तर सूर थोडे भांडतात. मी एक तार दोन घरं उतरवली, तसे चारही सूर नांदायला लागले. सा, ग, प. नाना खूश. संध्याकाळी परत आले. "ती म्हनस, मधली तार माले टोचस." ती मधली तार म्हणजे गंधार. अक्कांच्या गाण्यांतला गंधार जरा उतरलेला, जुन्या बायकांच्या गळ्यातला. वाद्यातला चढा. टोचणारच. मग गंधार काढूनच टाकला. तंबोऱ्यासारखे नुसते सा आणि प ठेवले. त्यावर नानांचं म्हणणं, "आते कोनी कोनाले टोचत नही."

पण पट्टी अजून वर होती. अक्कांचा नवा आवाज तिथपर्यंत पोचत नव्हता. नाना रोज येत आणि एकच वाक्य म्हणत, "आखो एक पट्टी खाले, मास्तरीणबाई." मी खुंट्या पिळून सूर उतरवायची. उतरवता उतरवता तारा इतक्या सैल पडल्या की छेडल्यावर गोड वाजायच्या ऐवजी लाकडावर खडखडायला लागल्या. तार तीच ठेवून सूर उतरवला की असं होतं. खालच्या सुरातही तार ताठ राहायला हवी तर ती जाड पाहिजे. हे मी सांगेपर्यंत नाना उठलेच. ताण हा विषय निघाला आणि तो त्यांना दुसऱ्यानं समजावून सांगायचा म्हणजे त्यांचा अपमान.

मग सुरू झाले प्रयोग. पहिल्यांदा त्यांनी मोटारसायकलच्या क्लचच्या वायरीतला एक पीळ सोडवून लावला. "लोखंड शे, ढिलं पडाव नही." ढिलं पडलं नाही, बरोबर. दुपारच्या उन्हात डिंक सुटला, त्या वायरीनं तारा अडकवायची खालची लाकडी पट्टीच उखडून काढली आणि ती उडून नानांच्या चष्म्यावर बसली. खांबावर हजारो तारा ओढलेला माणूस एका हातभर खेळण्यापुढे हरला. कोपऱ्यावरच्या सुतारानं पट्टी डिंकानं चिकटवून दिली आणि नानांना दोन दिवस ते हातात धरू दिलं नाही. दुसरा प्रयोग होता पतंगाच्या मांजाचा. त्याबद्दल नानांच्या कापलेल्या बोटाला विचारा. तिसऱ्यांदा ते मेहरूणच्या तलावावर जाऊन गळ टाकणाऱ्यांपाशी सकाळभर बसले आणि त्यांच्याकडचे जाड-बारीक दोऱ्यांचे तुकडे मागून आणले. घरी आल्यावर प्रत्येक तुकड्याचं एक टोक दारच्या कडीला बांधायचं, दुसरं दातांत धरायचं आणि टिचकी मारून ऐकायचं. दात कवळीचे, हेही सांगायला हवं. एकदा दोरा राहिला कडीला आणि कवळी गेली अंगणात. आमच्या ह्यांनी ती धुऊन परत नेऊन दिली आणि तेव्हाही नाना म्हणाले, "ताण बराबर व्हता, दात सैल व्हतात."

शेवटी मासे धरायच्या त्या दोऱ्यातच काम झालं. जाड दोऱ्याचे दोन सा, बारीकचे दोन प, आणि पट्टी इतकी खाली की ते चिमुकलं वाद्य घशातल्या घशात बोलल्यासारखं वाजायचं. अक्का त्या सुरात गायला लागल्या. आमच्यासमोर नाही. संध्याकाळी समोरचं दार बंद व्हायचं, आतून टुणटुण यायची आणि तिच्याखाली जाडसर असा एक आवाज. मी खिडकी उघडी ठेवून पोळ्या लाटायची. पोळ्या जळायच्या. जळू देत.

उन्हाळ्यात अक्कांना परत त्रास सुरू झाला. नाशिकला नेलं. नाना परत आले ते सरळ आमच्या ओट्यावर बसले आणि घरी जाईनात. पाणी दिलं तर पेला हातात धरून बसले. गाठ पुन्हा आली होती, आणि या वेळी गळ्यातली स्वरपेटीच काढावी लागणार होती. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले होते, पण आवाज राहणार नाही. घोगराही नाही, पुरुषासारखाही नाही. कसलाच नाही. अक्कांनी डॉक्टरांना एकच विचारलं होतं म्हणे, कानबाईनंतर चालेल का. ते म्हणाले, तेवढं चालेल, त्याच्यापुढे नको.

म्हणजे ही शेवटची कानबाई. अक्कांना गायचं असेल तर या वर्षी, नाहीतर कधीच नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नाना मात्र बोलले, बायकोशी, आणि माझ्यादेखत. अक्का निवडत असलेल्या गव्हातून मान वर न करता त्या नव्या आवाजात म्हणाल्या, "मना आवाज माणूसना व्हई गया. देवीले काय वाटी?" नाना म्हणाले, "इतला साल तिनी तुना एकच आवाज आयका. आते जराखा बदल." अक्कांनी मूठभर गहू त्यांच्या अंगावर फेकले. हो म्हणाल्या नाहीत.

रविवारी नानांच्या घरी कानबाई बसली. भावकी धुळ्याहून आली, पुण्याचा मुलगा-सून आले. चौरंग सजला. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. आणि सुनेनं, तिच्या मनात काही वाईट नव्हतं हो, सासूबाईंना त्रास नको म्हणून भाड्यानं एक भलामोठा स्पीकर आणलेला. गाणी सुरू झाली तशी भिंतीवरचा आरसा थरथरायला लागला. पाचेक मिनिटं गेली असतील, आणि फट्कन सगळं बंद. स्पीकर बंद, पंखा बंद, दिवा बंद. चार वाजताच्या उजेडात आम्ही सगळ्या घामाघूम एकमेकींकडे पाहतो आहोत, तोवर नाना मागच्या दारानं आत आले. "फीडर गया वाटस," ते म्हणाले.

"बाबा, शेजारी पंखा चालू आहे," सून म्हणाली.

"त्यासनी लाईन येगळी शे."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फ्यूज होता. पांढऱ्या चिनी मातीचा, अर्धा बाहेर डोकावत. तो मला दिसला, माझ्या शेजारच्या दोघींना दिसला, अक्कांनाही दिसला.

नाना चौरंगाच्या बाजूला बसले आणि त्यांनी ते टुणटुणं मांडीवर घेतलं. चार तारा, मोकळ्या, एकामागून एक. सा, प, सा, प. अक्का उंबऱ्यातच. तेव्हा मीच घसा खाकरून पहिली ओळ टाकायला गेले. इतक्या खाली मला सूर लागेचना, घशातून नुसती हवा गेली. शेजारणीनं प्रयत्न केला, तिचंही तेच. दोघी-तिघी हसल्या. नाना वाजवतच राहिले, खाली मान घालून, त्याच एका चालीनं.

आणि मग उंबऱ्यातून ती ओळ आली. जाडीभरडी, चिरलेली, पण नेमकी सुरावर. आम्ही सगळ्यांनी आपापले आवाज खाली आणले, पार छातीत नेऊन ठेवले, आणि ती ओळ उचलली. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर आत पुरुषांचं भजन चाललंय असंच वाटलं असतं. अक्का उंबऱ्यातून सरकत सरकत चौरंगापाशी आल्या. एक गाणं पुरं झालं. दुसरं निम्म्यावर आलं आणि त्यांना ठसका लागला, तो थांबेचना. सुनेनं पाणी दिलं, पाठ चोळली. अक्कांनी हातानंच खूण केली, तुम्ही म्हणा. आम्ही म्हटलं. मला शेवटचं कडवं आठवत नाही, कारण मी रडत होते. सोमवारी सकाळी त्या पाण्यावर आल्या, पण गायल्या नाहीत.

ऑपरेशन झालं. अक्का घरी आल्या, गळ्याला पट्टी, पट्टीखाली श्वासाची नळी. जेवतात, फिरतात, नानांना हातवाऱ्यांनी कामं सांगतात. सगळं ठीक म्हणायचं तर ठीकच. फक्त समोरचं घर इतकं शांत झालं की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजायला लागलो. नानांनी दोऱ्यांना टिचक्या मारणं सोडलं. मी मुद्दाम आमची दोरी लोंबती बांधली. ते तिच्याखालून वाकून निघून गेले.

एका दुपारी ते शिकवणीच्या वेळेला आले. अभ्र्यात गुंडाळलेलं टुणटुणं माझ्यापुढे ठेवलं आणि उभेच राहिले.

"मास्तरीणबाई, आते कोनत्या पट्टीमा लावू?"

इतके महिने तो माणूस एका आवाजाच्या मागे मागे खाली उतरत गेला होता, पायरी पायरीनं, आणि आता तो आवाजच नव्हता. मी म्हणाले, "चला, अक्कांना विचारू." दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणाले.

अक्का खाटेवर बसून वाल सोलत होत्या. नानांनी कानबाईच्या दिवशीच्याच सुरात तारा छेडल्या. अक्कांनी मान हलवली. नाही. नानांनी सवयीनं खुंटी खाली पिळली. अक्कांनी त्यांचा हात धरला आणि बोट वर केलं. वर. नानांनी एक पट्टी चढवली. अजून वर. आणखी एक. अजून. जाड दोरे करकरायला लागले. नाना घाबरले. "तुटी जाई ना व!" अक्कांचं बोट वरच. मग नानांनी ते जाड दोरे सोडले, आतून कपाटातून नातीच्या मूळच्या बारीक तारा शोधून आणल्या, ओवल्या आणि पुन्हा चढवायला लागले. तोवर मी घरून पेटी आणली होती. अक्कांनी जिथे बोट खाली घेतलं, तिथे मी पेटीवर सूर दाबून पाहिला. अक्का ज्या पट्टीत पूर्वी गायच्या, आम्ही जिच्यामागे धावायचो, तीच.

नाना वाजवायला लागले. अक्कांनी वालाची ताटली बाजूला ठेवली, एक तळहात वाद्याच्या पोटावर टेकवला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. नुसते ओठ, आणि मान, आणि वरच्या सुराला जाताना ती जुनी भुवई उंचावण्याची लकब. कडवं संपलं की त्या थांबायच्या, म्हणजे आता तुम्ही उचला. उचलायला तिथे मी एकटीच होते. मी उचललं. दुसऱ्याच ओळीला माझा श्वास तुटला.

"नाना," मी म्हणाले, "फार वर आहे हो. इतक्या वर अक्कासुद्धा दमायच्या."

नानांनी वाजवता वाजवता बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ चालूच होते.

"आते नही दमत ती," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं कडवं धरलं.